हाताने फिरवायची ड्रेन स्प्रिंग घ्यावी का? वापरून झाल्यावरचं मत

आधीच सांगून टाकते, 5 पैकी 4. एक मार्क कापलाय तो मुख्यतः तिच्या पेचासाठी, त्यावर खाली येतेच. तुंबलेल्या पाईपसाठी घरात काय ठेवावं असं कोणी विचारलं तर ही ड्रमवाली स्प्रिंग ठेवा असंच म्हणेन, पण ही काही तुंबलं की लगेच हातात घ्यायची वस्तू नाही, तिचा नंबर तिसरा, आणि बॉक्सवर ते कुठलाही चोकअप मिनिटात साफ वगैरे जे छापलेलं असतं ना, ते वाचायचं आणि सोडून द्यायचं.

वस्तू काय आहे ते ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी. प्लॅस्टिकचा गोल डबा, त्याच्या आत गुंडाळून बसलेली 5 मीटर लांबीची स्टीलची स्प्रिंग, जाडी 6 मिलिमीटर, टोकाला थोडं फुगीर आणि सैल वेटोळं म्हणजे काही लागलं तर त्यात अडकावं, डब्याच्या मागे फिरवायला दांडा आणि पुढे तोंडाशी एक पेच, जो अंगठ्याने आवळला की स्प्रिंग जागच्या जागी धरली जाते. सोबत हातमोजे आले आणि एक काटेरी प्लॅस्टिकची पट्टी आली. आता गंमत अशी की ती फुकटची पट्टीच जास्त वापरली जाते, कारण बाथरूममधल्या बेसिनचा आणि नहाणीच्या जाळीखालचा चोकअप म्हणजे नव्वद टक्के केस, आणि केस फार खाली जातच नाहीत, वीतभर अंतरावर त्या क्रॉसपट्ट्यांना नाहीतर पॉपअपच्या, म्हणजे दाबून उघड-बंद होणाऱ्या झाकणाच्या, दांडीला गुंडाळून बसतात आणि मग साबणाचा चिकट थर त्यांच्यावर चढत जातो. (नव्वद टक्के हा माझा अंदाज, कोणी मोजायला बसलं नाहीये.) पट्टी खाली घाला, अर्धी फिरवा, हळू ओढा. जे वर येतं ते बघवत नाही, करडा-काळा बुळबुळीत गुंता, पण पाणी लगेच गळ्ळकन खाली जातं. एवढ्यासाठी स्प्रिंग काढायची गरजच नाही.

आता मुख्य मुद्दा, जो त्यासोबतच्या कागदावर कुठेही लिहिलेला नाही आणि म्हणूनच निम्मे लोक ही वस्तू घेऊन वैतागतात आणि एक स्टार देऊन मोकळे होतात. बेसिनखाली जर बॉटल ट्रॅप असेल, म्हणजे तो बाटलीसारखा दिसणारा भाग, तर वरून जाळीतून घातलेली स्प्रिंग त्याच्या पुढे जाणार नाही. जाऊच शकत नाही. बॉटल ट्रॅपच्या आत एक नळी खाली पाण्यात बुडलेली असते आणि बाहेर जायचा रस्ता वरच्या बाजूने असतो, त्यामुळे स्प्रिंग सरळ खाली जाऊन बाटलीच्या बुडाला टेकते आणि तिथेच गोल गोल फिरत बसते, वर आपण दांडा फिरवतोय आणि आपल्याला वाटतंय की वा, बरंच आत गेलं. एस किंवा पी आकाराचा वाकडा पाईप असेल तर 6 मिलिमीटरची स्प्रिंग हळूहळू वळण घेते, पण बाटली असेल तर ती आधी खोलायची आणि स्प्रिंग भिंतीत जाणाऱ्या पाईपात घालायची. हे एक वाक्य कंपनीने कागदावर छापलं असतं तर कितीतरी लोकांचा त्रास वाचला असता.

आणि बाटली खोललीच आहे तर बहुतेक वेळा काम तिथेच संपतं. खाली बादली ठेवा (बादलीच, छोटा मग पुरणार नाही, बाटलीत अंदाजापेक्षा जास्त पाणी असतं), खालचा कप हाताने फिरवा, पान्हा लावू नका, प्लॅस्टिकचे आटे चटकन जातात. फारच घट्ट असेल तर रबरी मोजा घालून किंवा ओलं फडकं गुंडाळून फिरवा. आत बुडाशी काळा चिखल असतो, त्यात टूथपेस्ट, साबण, केस, कधी कानातलंही सापडतं. जुन्या ब्रशने घासा, आटे स्वच्छ पुसा, रबरी वॉशर ज्या बाजूने होता त्याच बाजूने बसवा आणि हाताने आवळा. गळतंय का बघायला डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, कोरडा टिश्यू पेपर सांध्याभोवती गुंडाळून वरून भरलेलं बेसिन एकदम सोडा, एक थेंब आला तरी कागदावर डाग दिसतो.

त्या बाटलीत पाणी का साचून ठेवलेलं असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि मग पाणी अडतंय म्हणून कोणीतरी ट्रॅपच काढून टाकतो आणि सरळ पाईप जोडतो. असं करू नका हो. ते पाणी म्हणजे झाकण आहे, गटारातला वायू, त्यात हायड्रोजन सल्फाईड असतो, मिथेन असतो, तो घरात येऊ नये म्हणून. 1775 साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळ बनवणाऱ्या माणसाने संडासासाठी असा वाकडा पाईप पेटंट केला आणि आजही आपल्या बेसिनखाली तीच कल्पना चालू आहे. बाथरूम बरेच दिवस वापरलं नाही आणि वास यायला लागला तर चोकअप शोधत बसू नका, ते पाणी वाळलेलं असतं, दोन तांबे पाणी ओता आणि थोडं थांबा. परत बरेच दिवस बंद राहणार असेल तर वरून चमचाभर खाद्यतेल सोडलं की पाणी सावकाश उडतं.

दुसरा नंबर रबरी पंपाचा. त्याचा रिव्ह्यू वेगळा लिहायची गरज नाही, फक्त एवढंच की बेसिनला वरच्या बाजूला जे जास्तीच्या पाण्याचं भोक असतं ते ओल्या फडक्याने बंद केल्याशिवाय पंप मारणं म्हणजे नुसता व्यायाम, सगळी हवा तिथूनच निघून जाते. दोन भांड्यांचं सिंक असेल तर दुसऱ्या भांड्याचं भोकही बंद करायचं. आणि रबर बुडेल एवढं पाणी हवं. लोक जोर लावतात तो दाबताना, खरं काम मात्र ओढताना होतं, कारण दाबून दाबून तो गोळा आणखी पुढे जाऊन बसू शकतो.

पट्टीने झालं नाही, पंपाने झालं नाही, बाटली स्वच्छ आहे आणि तरी पाणी उतरत नाही, तेव्हा स्प्रिंग. आणि इथे मात्र ती तिच्या किमतीला जागते. किचन सिंकचा पाईप भिंतीत गेल्यावर पुढे जिथे पहिलं वळण असतं तिथे तेलकट थर जमतो, आणि तिथे ना हात पोचत ना पट्टी. पद्धत अशी: वीतभर स्प्रिंग बाहेर काढा, पाईपात सरकवा, पेच आवळा, दांडा घड्याळाच्या दिशेने फिरवत डबा पुढे ढकला, डबा पाईपाला टेकायला आला की पेच सैल करा, पुन्हा वीतभर काढा, पुन्हा आवळा. डबा पाईपाच्या तोंडापासून लांब धरू नका, मधली स्प्रिंग उघडी राहिली की ती तिथेच बाजूला फुगते आणि पीळ पडतो, आणि एकदा पीळ पडलेली स्प्रिंग पुन्हा सरळ होत नाही.

मला ही वस्तू आवडण्याचं खरं कारण म्हणजे हाताला कळतं. वळण आलं की स्प्रिंग अडते पण ती अडणं कडक असतं, टणक, दांड्यातून खरखर जाणवते, आणि सावकाश फिरवत थोडा दाब ठेवला की एकदम टुण्णकन पुढे सुटते. चोकअप लागतो तेव्हा तसं नसतं. तिथे मऊ लागतं, दांडा जड होत जातो, सोडला तर थोडा उलटा फिरतो, पुढे काही सरकत नाही. एकदा हा फरक हाताला कळला की मग तुम्हाला अडलंय कुठे तेही समजतं, कारण बाहेर किती काढली ते माहीत असतं. दोन मीटर आत मऊ लागलं तर सिंकचा चोकअप, सगळे 5 मीटर गेले आणि काहीच लागलं नाही तरी पाणी उतरत नाही, तर गडबड पुढे कुठेतरी आहे आणि तुमचं काम इथेच थांबलं, प्लंबरला फोन करा आणि त्याला हे आकडे सांगा. तो आल्याआल्या नेमका कुठून सुरुवात करायची ते ठरवतो.

बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवत फिरवत ओढायचं. उलटं फिरवलं तर वेटोळ्यात अडकलेलं सुटून परत आत पडतं. आणि ओढताना खाली जुना टॉवेल आणि हातात मोजे पाहिजेतच, कारण स्प्रिंग बाहेर येताना ताणलेली असते आणि शेवटचं टोक सुटलं की काळ्या पाण्याचे शिंतोडे थेट तोंडावर येऊ शकतात. चष्मा असेल तर घाला.

तेलकट चोकअपच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, स्प्रिंग त्यातून फक्त भोक पाडते. पाणी जायला लागतं, आपण खूष, पण पाईपच्या भिंतीवरचा थर तसाच असतो आणि भोक पुन्हा बुजतं. म्हणून नंतर भांडी घासायचं लिक्विड आणि कडक गरम पाणी बराच वेळ सोडायचं. उकळतं नाही. पीव्हीसीचा पाईप साधारण 60 अंशांच्या वर नरम पडायला लागतो, सांधे ढिले होतात, रबरी रिंगा वाकड्या होतात, आणि मग चोकअप गेला आणि गळती आली असं होतं. नळाला येणारं गीझरचं पाणी पुरेसं आहे.

तेल गरम असताना पातळ दिसतं म्हणून सिंकमध्ये ओततात, पण पाईपात शिरून गार झालं की ते चिकटतं आणि पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून साबणासारखा कडक गोळा होतो. लंडनमध्ये व्हाईटचॅपलच्या गटारात 2017 साली असा एक गोळा सापडला होता, 250 मीटर लांब आणि 130 टन वजनाचा, तेल-चरबी आणि ओले वाईप्स मिळून बनलेला, त्याचा एक तुकडा नंतर म्युझियममध्ये ठेवला होता. वाईप्सच्या पाकिटावर फ्लश करता येतात असं लिहिलेलं असलं तरी ते टॉयलेट पेपरसारखे पाण्यात विरघळत नाहीत, अख्खेच्या अख्खे पुढे जाऊन कुठेतरी अडकतात, आणि ते काढायला ही स्प्रिंग कामाची नाही.

कमोडचं बोलायचं तर ही स्प्रिंग कमोडमध्ये घालू नका. उघडी स्टीलची स्प्रिंग चिनी मातीवर काळे ओरखडे उठवते, ते निघत नाहीत, आणि एवढ्या मोठ्या वळणात 6 मिलिमीटरची स्प्रिंग गुंडाळी होऊन परत तुमच्याकडेच येते. कमोडसाठी वेगळं हत्यार मिळतं, लांब दांडा आणि वाकड्या टोकाला रबरी आवरण असलेलं, नाहीतर खाली गळा असलेला पंप. माझ्या बॉक्सवर कमोडचंही चित्र छापलेलं आहे. कशाला?

आता लोक विचारतात एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा पावडर टाकली तर काय बिघडतं. ती पावडर म्हणजे कॉस्टिक सोडा, आणि तो काम करतोच, खोटं कशाला बोला, तो तेलाचा साबण करतो, केसही बऱ्यापैकी विरघळवतो, आणि पाण्यात पडला की खूप तापतो. पण पाणी थोडंतरी सरकत असेल तरच. पूर्ण तुंबलेल्या पाईपात तो तिथेच बसतो, गरम होतो, घट्ट दगड होऊन बसला तर आधी केस आणि तेल होतं आता त्यावर सोड्याचा खडा आहे. आणि वर ते सगळं पाणी जळजळीत. त्यात मग स्प्रिंग घातली किंवा पंप मारला तर तेच अंगावर उडणार. तुम्ही प्लंबरला बोलावलं आणि पावडर टाकली आहे हे सांगितलं नाही तर त्याच्या हातावर. ॲल्युमिनियमचं काही असेल तर कॉस्टिक त्याला खातो आणि हायड्रोजन निघतो. पावडरने झालं नाही म्हणून वरून ॲसिड ओतणं तर सरळ वेडेपणा, दोन्ही एकत्र आले की उकळी फुटून वर येतं, आणि ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये. बेकिंग सोडा आणि व्हिनेगरचा व्हिडिओ सगळ्यांनीच बघितलाय, फेस मस्त येतो, फेस म्हणजे कार्बन डायऑक्साईड आणि खाली उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी, केसांच्या गुंत्याला त्याने काही होत नाही. वास थोडा कमी होतो म्हणाल तर होतो.

एन्झाईमवाली लिक्विडं, म्हणजे ज्यांत थर खाणारे जिवाणू असतात ती, वेगळी, ती तुंबलेलं उघडत नाहीत, पण रात्री टाकून ठेवली तर थर हळूहळू कमी ठेवतात. लगेच फरक दिसत नाही म्हणून लोक शिव्या घालतात. त्याच्यासोबत ब्लीच टाकू नका आणि वरून उकळतं पाणीही नको, नाहीतर त्यातले जिवाणू मरतात आणि मग बाटलीत काय घेतलं होतं तेच कळत नाही.

आता तक्रारी. तो अंगठ्याचा पेच. प्लॅस्टिकच्या डोक्यात बसवलेला धातूचा छोटा खिळा आहे, ओला झाला की हात घसरतो आणि जोर लावला की स्प्रिंगवरून सरकतो, म्हणजे दांडा फिरतोय, डबा फिरतोय, आणि आतली स्प्रिंग जागेवरच. मी त्यावर फडकं धरून आवळते, चालतं, पण एवढ्या साध्या गोष्टीत कंजुषी का केली कळत नाही. दुसरं, स्प्रिंग परत आत जाताना सगळं घाण पाणी डब्यात घेऊन जाते आणि डब्याला खाली भोकच नाही. तसंच ठेवून दिलं तर पुढच्या वेळी गंजलेली स्प्रिंग आणि असा वास की विचारू नका. म्हणून काम झालं की पूर्ण बाहेर काढायची, नळाखाली धुवायची, फडक्यातून ओढत पुसायची, उन्हात किंवा पंख्याखाली वाळवायची, तेलाचा बोट फिरवायचा आणि मग गुंडाळायची. कंटाळवाणं आहे पण सुटका नाही.

कागदावर असंही लिहिलंय की दांडा काढून ड्रिल मशीन लावता येतं. लावता येतं, खरंय, पण मी नाही लावणार. प्लंबरकडे जे मोटरवालं यंत्र असतं त्याचा जन्मच मोटरसाठी झालाय, 1930 च्या दशकात अमेरिकेत सॅम्युएल ब्लँक यांनी वॉशिंग मशीनची मोटर आणि स्टीलची केबल जोडून ते पहिल्यांदा बनवलं, त्याची केबल जाड असते आणि ते चालवणाऱ्याला सवय असते. आपल्या या बारीक स्प्रिंगला ड्रिल लावलं की हाताला काही कळतच नाही, वळण आहे की चोकअप, आणि कळेपर्यंत ती आत पिळून बसलेली असते. मग पाईप कापायची वेळ. जुने गंजलेले लोखंडी पाईप असतील तर हातानेही जपूनच, पातळ झालेल्या जागी भोक पडतं.

आणि काही वेळा ही वस्तू कपाटातून काढायचीच नाही. फ्लश केल्यावर नहाणीच्या जाळीतून पाणी वर येतंय, किंवा सिंक, बेसिन, बाथरूम सगळंच एकदम संथ झालंय, किंवा वॉशिंग मशीनने पाणी सोडलं की दुसरीकडे बुडबुडे येतात, तर चोकअप मेन लाईनला आहे. सगळ्यांचं पाणी जिथे एकत्र होतं त्याच्या पुढे. तिथे 100-110 मिलिमीटरचा पाईप असतो आणि आपली 6 मिलिमीटरची स्प्रिंग त्यात हरवून जाते. बाहेरचं चेंबर उघडून बघा, भरलेलं असेल तर अडलंय पुढे, रिकामं असेल तर घर आणि चेंबरच्या मध्ये. आणि मग प्लंबर.

बाकी खरं सांगायचं तर सिंकला बारीक जाळी, बाथरूमच्या भोकात केस अडवणारी रबरी टोपी, वॉशिंग मशीनच्या पाईपाच्या तोंडाला धाग्यांसाठी जाळीची पिशवी, आणि तेलकट भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घेणं, एवढं करायला लागल्यापासून स्प्रिंग कपाटातच असते. पैसे वाया गेले का? नाही वाटत मला, कारण तुंबतं ते नेमकं पाहुणे आले असताना नाहीतर रात्री, तेव्हा कोण येणार आहे.

घेणार असाल तर दुकानातच डबा हातात घेऊन बघा. पेचाचं डोकं धातूचं आणि मोठं आहे का, डबा स्क्रू काढून उघडता येतो का, खाली पाणी निघायला भोक आहे का, आणि स्प्रिंगच्या टोकाचं वेटोळं वेल्ड केलेलं आहे की नुसतं दाबून बसवलंय, कारण ते टोक तुटून आत राहिलं तर तोच नवा चोकअप. 3 मीटरची घेऊ नका, वळणावळणात ती अपुरी पडते. माझ्यासारखी सेम घ्यायची असेल तर वेगळा पेच आधी शोधून ठेवा, हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाचा फुलपाखरू पेच मिळतो, तो लावला तर मी 5 पैकी साडेचार देईन.